कंपनीबाहेरची कॅसेट

सोलापूर–धुळे रस्त्याला तेरखेड्यात माझं दुकान आहे. आता तिथं मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि रिचार्ज. आधी कॅसेटी होत्या. कॅसेट विकून फारसं सुटायचं नाही, खरी मिळकत कोऱ्या कॅसेटीवर गाणी 'भरून देण्या'ची. बाहेरच्या माणसाला तेरखेडा माहीत असतो तो फटाक्यांमुळं. कुणी आम्हाला मराठवाड्याची शिवकाशी म्हणतं. पण रस्त्यानं जाणारा ट्रकवाला माझ्या दारात थांबायचा तो देवीची गाणी म्हणणाऱ्या आराध्यांच्या गाण्यांसाठी. कंपनीची कॅसेट पुढं केली की तो मान हलवायचा. "यात्रेतली हाय का?"

यात्रेतली म्हणजे चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेत, नाहीतर नवरात्रातल्या एखाद्या जागरणात कुणीतरी टेप लावून धरलेली. वर छापील कागद नाही, कंपनीचं नाव नाही आणि गाणाऱ्याच्या हातात छदामही नाही. पुण्यात गिटार वाजवणाऱ्या माझ्या पुतण्यानं मला सांगितलं की काका, तुमचा हा धंदा जगभर चालतो. त्यानं पेव्हमेंट नावाच्या अमेरिकन बँडचं 'स्ट्रे स्लॅक' ऐकवलं. १४ डिसेंबर १९९२ ला लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत झालेला कार्यक्रम, बँडला न विचारता बाजारात आलेला. गाणं मला कळलं नाही. वाजवण्यातला तो सैलपणा, मधली बडबड, लोकांचा गलका मात्र पहिल्या मिनिटातच ओळखीचा वाटला.

अशा कॅसेटी भरता भरता, जपता जपता आणि आता कॉम्प्युटरवर चढवता चढवता जे कळलं ते खाली लिहितोय. क्रमांक आठवले तसे पडलेत.

१. भोंग्याखाली बसू नये.

यात्रेत टेप घेऊन आलेला नवखा माणूस हमखास भोंग्याखाली जागा धरतो. आवाज मोठा म्हणजे रेकॉर्डिंग चांगलं, असा त्याचा हिशेब. भोंगा फक्त मधला आवाज फेकतो. संबळाचा खालचा घुमारा त्यातून येतच नाही आणि झांज चिरकते. त्याहून मोठा तोटा म्हणजे ज्याच्या हातात माइक, तेवढाच माणूस भोंग्यात ऐकू येतो. आराध्यांचा मेळा एकट्याचा नसतो. पुढचा ओळ टाकतो, मागचे झीलकरी ती उचलतात आणि रात्र चढत जाते तसतशी पुढच्याची ओळ संपायच्या आतच झील सुरू होते. ती घाई, ते एकमेकांच्या अंगावर येणं, हेच त्या गाण्याचं बळ. कंपनीच्या कॅसेटवर हे तुम्हाला मिळणार नाही, कारण स्टुडिओत झील वेगळी धरतात आणि नीट मापात बसवतात.

म्हणून टेप ठेवायची झीलकऱ्यांच्या बाजूला, जमिनीपासून जरा उंच, मध्ये दोन-तीन रांगा माणसं असतील अशी. माणसांची अंगं आवाज पितात, चिरकेपणा कमी होतो. गावातल्या एका घरात वडिलांचा आवाज म्हणून जे काही उरलंय ते अशाच एका कॅसेटच्या झिलेत आहे. ते कधी पुढं उभे राहून गायले नाहीत. टेप भोंग्याखाली असती तर ते त्या रात्री तिथं नव्हतेच असं झालं असतं.

आमच्या गावाची म्हणून आणखी एक अडचण आहे. टू-इन-वनमध्ये आवाजाची पातळी आपोआप राखायची सोय असते. हळू आवाज आला की ती कान टवकारते, मोठा आला की दबते. इतर गावांत ही सोय उपयोगाची. पण तेरखेड्याच्या आसपास जागरण असलं की फटाक्यांच्या कारखान्यातला कुणी ना कुणी औटगोळे घेऊन येतोच. गोळा फुटला की टेप दबते आणि गाणं विहिरीत पडल्यासारखं खोल जातं, मग काही सेकंदांनी हळूहळू काठावर येतं. तोपर्यंत एक ओळ गेलेली. यावर उपाय एकच: दारूकाम करणाऱ्याला आधी गाठायचं आणि गोळा दोन गाण्यांच्या मध्ये लाव म्हणून सांगायचं. तो ऐकत नाही. तरी सांगायचं.

२. बक्षिसाची पुकार कापू नये.

गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, "ते मधलं काढून टाका की." मधलं म्हणजे बक्षीस. गाणं रंगात आलेलं असतं, कुणीतरी उठून नोट देतो, गाणं थांबतं आणि पुढचा आराधी नाव पुकारतो: अमक्या गावच्या अमक्या पाटलांकडून अकरा रुपये, अमक्या बाईंकडून लेकीच्या नावानं एकवीस रुपये, आई राजा उदो उदो. मग दोन ओळी, की परत नोट. कंपनीच्या पाच-सहा मिनिटांच्या गाण्याचा इथं अर्धा तास होतो, आणि त्यातला बराच भाग नावांतच जातो.

मी सुरुवातीपासून ते काढलं नाही. त्यामागं तेव्हा काही विचार नव्हता; काढायचं म्हणजे दोन्ही डेक समोर घेऊन बसायचं आणि तेवढा वेळ कुणाला होता? आज त्या पुकारीच मला सगळ्यात मोलाच्या वाटतात. कॅसेटवर तारीख नसते, पण एखाद्याला 'सरपंच' म्हणून पुकारलं असेल तर तो कोणत्या काळात सरपंच होता हे गावात कुणालाही विचारा. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. त्यानंतरच्या काही जागरणांत भूकंपात गेलेल्या नातेवाइकाच्या नावानं बक्षीस दिलेलं ऐकू येतं, म्हणजे ती कॅसेट त्याआधीची असूच शकत नाही. बक्षिसाच्या रकमेवरून साल काढायलाही मी शिकलो. पाच रुपयांना जिथं टाळ्या पडतात ती कॅसेट आणि एक्कावन्नलाही कुणी हलत नाही ती कॅसेट, यांच्यात किती वर्षं गेलीत ते कान सांगतो. कोणत्या गावातली माणसं कोणत्या यात्रेला जायची, बायका स्वतःच्या नावानं बक्षीस द्यायला कधी लागल्या, कुणाच्या नावामागं आडनाव लावायचे आणि कुणाच्या नाही, हे सगळं त्या 'मधल्या' कचऱ्यात आहे. हे शेवटचं ऐकायला गोड नाही, पण आहे.

आंबेडकर जयंतीच्या रात्री व्हायच्या त्या कव्वालीच्या सामन्यांचंही तसंच. दोन पार्ट्या समोरासमोर, सवाल-जवाब पहाटेपर्यंत. त्यातली गाणी पुढं कंपन्यांनी काढली. पण समोरच्या पार्टीनं टोमणा मारल्यावर त्याच क्षणी, त्याच चालीत बसवलेलं उत्तर कुठल्या कंपनीकडं असणार? ते पुन्हा कधीच म्हटलं गेलं नाही. टेप चालू होती म्हणून आहे.

३. कॅसेटवर लिहा. लगेच, तिथंच, पेननं.

'आराधी', 'आराधी २', 'आराधी नवीन'. माझ्याकडं दुरुस्तीला आणि उतरवून घ्यायला येणाऱ्या निम्म्याअधिक कॅसेटींवर एवढंच असतं. मोबाइल आला तसं ते आणखी बिघडलं. मेमरी कार्डात फायलीचं नाव काय, तर इंग्रजीत 'न्यू साँग' आणि पुढं आकडा.

या बाबतीत मला ज्यांचं काम दिसल्यावर गप्प व्हावंसं वाटलं ते हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांचं. जात्यावरच्या ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रभर गावोगाव फिरून गोळा केल्या, लाखाच्या वर. मोठा भाग लिहून, काही भाग ध्वनिमुद्रित करून. प्रत्येक ओवीपुढं गाणारीचं नाव आणि गाव. त्यामुळंच परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आज 'एक अनाम लोकगायिका' नाहीत, गंगूबाई अंबोरे आहेत. आमच्या यात्रेतल्या कॅसेटींवर ज्या बायकांचे आवाज आहेत, त्यांच्यातल्या कितीजणी अनाम राहिल्या त्याची मोजदाद नाही. लिहायला लागतं काय? गाव, निमित्त, तिथी, मेळ्याचं नाव, पुढं कोण, झिलेला कोण, संबळावर कोण, टेप कुणाची. आठ ओळी. कॅसेटच्या आतल्या पुठ्ठ्यावर मावतात.

४. मागच्या दोन टिकल्या मोडा.

कॅसेटच्या पाठच्या कडेला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. ज्यांनी मोडल्या नाहीत त्यांच्या जागरणावर पोरांनी सिनेमाची गाणी भरली. मोडल्यावरही खाचेवर चिकटपट्टी लावून भरणारे असतातच. त्यांना इलाज नाही.

५. आवाज चढा वाटला तर गायकाचं नव्हे, सेलचं कौतुक करा.

एकदा गिऱ्हाईक एक कॅसेट घेऊन आलं. म्हणालं, आमचे बापू काय चढ्या पट्टीत गायचे बघा! ऐकलं तर बापूंचा आवाज शाळकरी पोरासारखा, आणि संबळ धावत सुटलेला. कारण साधं आहे. जागरणाला वीज टेपपर्यंत कुणी ओढत नाही, टेप सेलवर चालते. पहाटेपर्यंत सेल उतरतात, मोटार हळू फिरते आणि कॅसेटमधली पट्टी सावकाश सरकत असताना तिच्यावर आवाज बसतो. तीच कॅसेट घरी नीट वेगानं वाजवली की सगळं भरधाव आणि चढं. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, त्यात थोडाही फरक पडला तरी कानाला कळतो.

हे दुरुस्त करता येतं. पेटी असेल तर सोपं: वाजवणाऱ्याच्या घरी पेटी अजून असते, ती कुठल्या पट्टीत लागलेली आहे ते बघायचं आणि कॅसेट तिथं आणून बसवायची. पेटी नसली तर विजेचा गुणगुणाट शोधायचा. लाउडस्पीकरच्या ॲम्प्लिफायरमधून तो कायम येत असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं गुणगुण ५० आणि १०० वर असायला हवी. कॉम्प्युटरवर ती १०४ वर दिसली तर टेप तेवढी हळू चालली होती, हे पक्कं. मग सगळं त्या प्रमाणात खाली आणायचं. बापू खाली आले तेव्हा घरातली म्हातारी माणसं एकदम ताठ बसली.

एक मात्र आहे. भारनियमनाच्या वर्षांत जागरणं जनरेटरवर झाली, आणि जनरेटरची गुणगुण स्वतःच डुलत असते. तिथं ही युक्ती चालत नाही. तिथं कानच.

याच क्रमांकात कॅसेटच्या लांबीचंही सांगून टाकतो. नव्वदची घेतली तर एका बाजूला ४५ मिनिटं मिळतात, साठचीत ३०. रात्रीच्या गाण्याला नव्वदची सोयीची, पण तिची पट्टी पातळ, ती आमच्याकडच्या उन्हाळ्यात ताणते आणि गुंडाळते. एकशेवीसची तर हातातच धरू नये. बाजू बदलताना जे जातं ते जातं. काहीजण दोन टेपा लावायचे, एक संपत आली की दुसरी सुरू. अशी जोडी एकाच घरात आजवर टिकून राहिलेली क्वचितच सापडते; भावांच्या वाटणीत एक कॅसेट एकाकडं, दुसरी दुसऱ्याकडं.

६. गाणाऱ्याला विचारा. आधी.

हे वाक्य लिहायला सोपं आणि यात्रेत पाळायला कठीण. तरी यावर माझं मत पक्कं आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा स्वतःचा असा हक्क आधी नव्हताच. हक्क गीत लिहिणाऱ्याचा, चाल लावणाऱ्याचा आणि रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा. १९९४ च्या दुरुस्तीनं कलावंताचा हक्क आला आणि १० मे १९९५ पासून लागू झाला. आज तो ५० वर्षांचा आहे. स्वतःपुरतं ऐकायला किंवा अभ्यासाला केलेलं ध्वनिमुद्रण या हक्काच्या आड येत नाही. विकलं, की येतं. म्हणजे टेप घेऊन बसलेला भाविक कायद्यानं ठीक, आणि त्याच्या कॅसेटच्या प्रती भरून विकणारा दुकानदार ठीक नाही. हा कायदा लागू झाला तेव्हा आमच्या बाजारात कुणाच्या कानावर आला नव्हता.

कायद्यापलीकडचं जास्त अवघड आहे. आराध्यांना अशा कॅसेटींचा त्रास झाला का? सरसकट नाही. एका मेळ्याचा प्रमुख मला म्हणाला होता, "तुमच्या कॅसेटीनं आमाला बार्शीपतूर सुपाऱ्या मिळाल्या." गावोगावच्या जागरणांवर ज्यांचं पोट, त्यांच्यासाठी ती फुकटची जाहिरात होती. कव्वालीच्या पार्ट्यांचं उलटं. सामन्यातला सवाल आज एका गावात टाकला आणि पुढच्या आठवड्यात कॅसेट दुसऱ्या गावात पोचली, तर तिथं तोच सवाल टाकायची सोय राहत नाही. समोरचा उत्तर पाठ करून येतो. त्यांची चीड खरी होती. ज्याचं गाणं प्रत्येक रात्री नवं असतं त्याला टेपची भीती नसते. ज्याची रचना आश्चर्यावर उभी आहे त्याचा धंदा टेप बुडवते. सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही, म्हणूनच विचारावं लागतं.

अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडनं तर १९८४ पासून मैफलीत टेपवाल्यांसाठी वेगळी जागाच ठेवली. अट एवढीच की कॅसेटी अदलाबदल करा, विकू नका. पुतण्याला यात बँडचा मोठेपणा दिसतो. मला त्यातला व्यवहार दिसतो: त्यांची कमाई तिकिटांवर होती, आणि प्रत्येक कॅसेट पुढच्या तिकिटाची आठवण करून देत होती. मेळ्याच्या प्रमुखानं बार्शीच्या सुपारीचं जे सांगितलं तेच हे.

७. काही वेळा टेप बंद करायची असते.

देवीच्या जागरणात कुणाच्या तरी अंगात येतं. बाई घुमते, बोलते, रडते, घरातलं काहीबाही सगळ्यांसमोर बाहेर पडतं. त्या वेळी गाणंही टिपेला असतं, संबळ थांबायला तयार नसतो आणि टेपवाल्याला वाटतं की हीच वेळ. तेव्हाच बटण दाबायचं, बंदचं. तिनं काही गायलेलं नाही, तिला सुपारी दिलेली नाही, आणि सकाळी उठून तिला याच गावात राहायचंय. माझ्याकडं प्रतीसाठी आलेल्या कॅसेटींत असे भाग असले की मी तेवढा तुकडा सोडून प्रत काढायचो. वर बक्षीस कापू नका म्हणालो आणि इथं कापतोय, हे मला दिसतं. बक्षीस देणारा स्वतःहून उठून उभा राहिलेला असतो.

आता मोबाइलवर हाच तुकडा आधी काढतात आणि बाकीची रात्र टाकून देतात. तीन तासांच्या कीर्तनातली दोन वाक्यं कापून फिरवली की महाराज एक तर विनोदवीर होतात, नाहीतर आरोपी. कॅसेटचा एक गुण होता, ती मध्येच उघडायला कंटाळा यायचा. माणूस सगळं ऐकायचा.

८. कंपनी मागून येते.

पेव्हमेंटच्या त्या चोरट्या ध्वनिमुद्रणाचं पुढं काय झालं, तर २००२ मध्ये त्यांच्या पहिल्या अल्बमची मोठी आवृत्ती निघाली, त्यात ब्रिक्स्टनचा तोच कार्यक्रम अधिकृतपणे घातला गेला. दहा वर्षं जे चोरून ऐकत होते त्यांनी तो परत विकत घेतला असणार.

आपल्याकडचं उदाहरण जरा निराळं आहे. दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडचा 'डेझर्ट रेन' स्टुडिओत झालेला नाही. सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ १ जानेवारी १९९७ ला झालेल्या कार्यक्रमाचं ते ध्वनिमुद्रण. ते अनधिकृत नव्हे, पण ऐकाल तर कुळी यात्रेच्या कॅसेटचीच: उघडी जागा, जमलेली माणसं, आणि आज जे झालं ते झालं. या बँडमधले राहुल राम नर्मदा आंदोलनात होते आणि तिथलं 'मा रेवा' हे गाणं त्यांनी पुढच्या अल्बमात आणलं. आमच्या आराध्यांपैकी कुणाला असा दरवाजा उघडला नाही. इथं कंपन्या आल्या, यात्रेत गाजलेली चाल उचलली, वर कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड चढवला, शहरातला आवाज लावला. कव्हरवर गीत-संगीत म्हणून तिसऱ्याच माणसाचं नाव. त्यामुळं यात्रेतली जुनी कॅसेट हा आता एक पुरावा आहे, की ही चाल कंपनीच्या आधी या मेळ्यात होती. हा पुरावा घेऊन कुणी कोर्टात गेलेलं नाही. पण माणसं माझ्याकडं येऊन खात्री करून जातात, आणि तेवढ्यानंही त्यांना बरं वाटतं.

९. धुऊन पुसून स्वच्छ करायचा मोह आवरा.

कॉम्प्युटरवर एक बटण असतं, दाबलं की खरखर जाते. खरखर जाते आणि तिच्याबरोबर झांजेची वरची धार, तुणतुण्याची तार आणि लोकांचा श्वासही जातो. मी उतरवतो तेव्हा आधी काहीही न करता जसंच्या तसं एकदा ठेवून देतो. डेकच्या हेडजवळचा स्क्रू अर्धा वेढा इकडं-तिकडं फिरवून आवाज सगळ्यात उघडा कुठं येतो ते बघायचं, वेग बसवायचा, बस. ज्याला गुळगुळीत हवं त्याला प्रतीवर करून देतो.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायनेल मॅपलसन यांनी १९०१ ते १९०३ मध्ये एडिसनच्या यंत्रावर, मेणाच्या नळकांड्यांवर चालू प्रयोगांचे तुकडे धरून ठेवले. ऐकायला भयंकर आहेत, वादळात कुणी गातंय असं वाटतं. पण जाँ दे रेश्के या त्या काळच्या मोठ्या गायकाचा आवाज जगात उरलाय तो त्या खरखरीतच. आमच्याकडचे तसेच मोठे गायक अल्लादिया खाँसाहेब, त्यांची एकही तबकडी निघाली नाही. १९४६ पर्यंत ते होते. त्यांच्या मैफलीत असा एखादा मॅपलसन मागच्या रांगेत बसला असता, तर त्या खरखरीबद्दल आज कुणी तक्रार केली असती का?

आणि खरखरीत मजाही असते. पट्टी गुंडाळून वर्षानुवर्षं पडून राहिली की एका थराचा आवाज शेजारच्या थरावर फिकट उमटतो. माझ्याकडच्या कॅसेटींत औटगोळा फुटायच्या सेकंद-दोन सेकंद आधी त्याच गोळ्याचा बारीक आवाज ऐकू येतो. पोरं हसतात, म्हणतात तेरखेड्याचा गोळा आहे, आधी वर्दी देतो.

१०. मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगला नाकं मुरडू नयेत, पण सेटिंग बघावी.

जुन्या साध्या फोनमधल्या रेकॉर्डरच्या फायली बोलण्यासाठी बनलेल्या. साडेतीन-चार हजार हर्ट्झच्या वरचं त्या ठेवतच नाहीत. त्यावर संबळ म्हणजे पत्र्याचा डबा. आताचे फोन चांगले आहेत. फोन खिशात ठेवू नये, विमान मोडवर टाकावा, आणि व्हिडिओ करून व्हॉट्सॲपवर पाठवण्यापेक्षा नुसता आवाज धरून मूळ फाइल कार्डावरून द्यावी. एवढं सांगितलं तरी निम्मे जण व्हिडिओच करतात, आणि त्यात अर्धा वेळ स्वतःचं तोंड.

११. पहिली प्रत गाणाऱ्याच्या घरी.

कॅसेटच्या काळात हे जमत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. कोरी कॅसेट काही फार महाग नव्हती. आता तर पेन ड्राइव्हवर एका मेळ्याच्या सगळ्या रात्री मावतात. उतरवून झालं की मी तो आधी मेळ्याकडं देतो, आणि कोणतं गाणं लोकांना द्यायचं, कोणतं नाही, ते त्यांना ठरवू देतो. बहुतेकजण म्हणतात, द्या सगळं, देवीचं हाय. काहीजण एखादं गाणं थांबवतात: चाल दुसऱ्या मेळ्याची होती, त्या रात्री भांडण झालं होतं, संबळवाला प्यालेला होता.

एक आराधीण मात्र म्हणाली की माझं जुनं काहीच देऊ नका. तिची तरुणपणातली एक जागरणाची कॅसेट या भागात सगळ्यात जास्त भरून नेलेली होती. मीच कितीजणांना दिली होती. आज तिचा आवाज बसलाय, ती अजून गाते, आणि लोक समोर बसून 'त्या कॅसेटीतल्यावानी म्हणा' अशी फर्माईश करतात. "त्या बाईची न् माझी गाठ नका घालू," म्हणाली. पुतण्याचं म्हणणं पडलं की जे शेकडो घरांत आहेच ते आपण अडवून काय होणार, उलट आपल्याकडची प्रत सगळ्यात चांगली आहे, तीच लोकांना मिळावी. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण तिला विचारलं मी होतं, आणि विचारल्यावर उत्तर ऐकावं लागतं. गिऱ्हाइकं अजून येतात, ती कॅसेट मागतात. मी तिच्या चालू मेळ्याचं, गेल्या नवरात्रातलं रेकॉर्डिंग पुढं करतो. काही नेतात. बरेचजण चार्जर घेऊन जातात.